कापसाच्या खोलीतला अल्बम: एक रॅपर, एक प्रोड्युसर आणि कव्हरवरची दोन नावं

यवतमाळ जिल्ह्यातला एक रॅपर अन् हिंगणघाटकडचा एक प्रोड्युसर, या दोघांनी मिळून, एक हिंदी गाणं सोडलं तर, आपल्या वऱ्हाडी बोलीत नऊ गाण्यांचा अल्बम काढला, आणि तो बाहेर येईपर्यंत दोघांचं तीनदा फाटलं, त्या प्रकरणाची ही पूर्ण हकीकत. नावं टाकत नाही, कारण मधे एक चॅनलवाला येतो, त्याच्याशी झालेलं बोलणं मला उघड मांडायचं आहे, आणि आपले तालुके इतके लहान आहेत की एक नाव टाकलं की बाकीची आपोआप कळतात. अल्बमचा वाट्याचा कागद मी लिहून दिला होता, मिक्स ऐकायलाही बसत होतो, म्हणून आतलं माहीत आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. रॅपर-प्रोड्युसरचा अल्बम म्हणजे एकाची गाणी अन् दुसऱ्याची मदत, असं नसतं. बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, करणारा हा त्या गाण्याचा अर्धा लेखक असतो, आणि हे रेकॉर्डिंगच्या खोलीत, कागदावर आणि कव्हरवर, तिन्हीकडे मान्य झालं तरच काम नीट होतं. या दोघांचं खोलीत लवकर जमलं, कागदावर लय उशिरा, आणि सगळा त्रास त्या मधल्या काळातला आहे.

दोघं कुठून आले

रॅपर पांढरकवडा भागातला. बीए झालेला, घरी कापूस-सोयाबीन, वावरातलं सगळं काम येतं. त्याचं रॅपचं मूळ मोबाईलवर शोधू नका, ते पोळ्यात आहे. विदर्भातल्या वाचकांना सांगायची गरज नाही पण बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पोळ्याला बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की झडत्या म्हणतात, म्हणजे एकजण पुढे येऊन यमक जुळवलेल्या ओळी फेकतो, त्यात देव असतो, पाऊस असतो, सरपंचाला टोमणा असतो, सावकाराला शिवी असते, आणि शेवटी "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" म्हटलं की अख्खं गाव मागून ओरडतं. मग समोरच्या गटातला उठतो अन् उलटी झडती टाकतो. हा पोरगा शाळेत असल्यापासून झडत्या म्हणतो, त्याचा आवाज माईकशिवाय तोरणाच्या त्या टोकापर्यंत जातो, आणि गर्दी कुठे श्वास घेते हे त्याला अंगातून कळतं. रॅपमधे ज्याला क्राऊड कंट्रोल म्हणतात ते याला आधीच होतं.

नव्हतं काय तर स्वतःचं संगीत. पहिली गाणी त्याने नेटवरच्या फुकट बीटवर केली. त्या बीटच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पैसे कमवायचे नसतील तरच फुकट, नाहीतर लायसन घ्या, आणि ते लायसनही बहुतेक वेळा एकट्याला मिळत नाही, तोच बीट आणखी शंभर जणांनी घेतलेला असू शकतो. एक गाणं जरा चाललं तसा त्यावर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, आला आणि त्याचे पैसे भलतीकडे जायला लागले. त्यात त्याला कोणी फसवलं नव्हतं, नियम तसाच होता, पण त्या दिवशी त्याला कळलं की आपल्या गाण्याखालची जमीनच आपल्या नावावर नाही.

प्रोड्युसर त्याच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. तो धुमालमधे, म्हणजे मिरवणुकीत वाजणाऱ्या पार्टीत, ऑक्टोपॅड हे काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य वाजवायचा, लग्नाच्या वराती, गणपती, दुर्गादेवीचं विसर्जन. सीझन संपला की घरी लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे बीट बनवायचं सॉफ्टवेअर उघडून बसायचा. धुमालवाल्याचा हात म्हणजे काय हे ज्याने मिरवणुकीत अनुभवलंय त्यालाच माहीत, तीन तास गर्दी नाचती ठेवायची, थकू द्यायची नाही, कुठे ठेका मोडायचा अन् कुठे परत आणायचा ते डोळ्याने बघून ठरवायचं. दोघंही नागपूर-हैदराबाद रोडच्या आसपासचे, एका लग्नाच्या कार्यक्रमात ओळख झाली. रॅपर त्याला दादा म्हणतो, तो याला लहान्या.

पहिलं फाटलं ते बीटवरून

सुरुवातीचे दोन-तीन महिने काम असं चाललं की प्रोड्युसर व्हॉट्सॲपवर बीट पाठवायचा, रॅपर त्यावर मोबाईलमधे रेकॉर्ड करून परत पाठवायचा. बीट ड्रिल या रॅपच्या प्रकाराचे होते, १४० बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) आसपास, सरकणारा ८०८ बेस म्हणजे ड्रम मशीनचा खोल घुमणारा आवाज, तेव्हा सगळीकडे तेच चालू होतं. आणि गाणं काही केल्या बसेना. रॅपरचे शब्द चेंगरायचे. आपली बोली लांबते हो, "मी करतो" असं कोणी म्हणत नाही, "मी करून राह्यलो" म्हणतात, मधे "बाप्पा" येतं, "तं" येतं, "ना बे" येतं, आणि हे सगळं काढून टाकलं तर जे उरतं ते पुस्तकातलं मराठी, त्यात या पोराचा जीवच नाही. त्याने काही ठिकाणी शब्द कापून बसवले तर प्रोड्युसरच म्हणाला, "लहान्या, हे तू नोय बोलून राह्यला, हा कोनी पुन्याचा बोलून राह्यला." त्यावर रॅपर चिडला, "मंग दादा तुयं बीट बदलव ना, मायं तोंड कायले बदलवतं?" आणि पंधरा दिवस फोन बंद.

हे भांडण माझ्या मते अल्बममधली सगळ्यात कामाची गोष्ट ठरली. प्रोड्युसरने काय केलं, तर रॅपरच्या पोळ्याच्या झडत्यांचे मोबाईलवरचे जुने व्हिडिओ मागवले, आणि नुसत्या बोलण्याखाली टाळ्या वाजवून मोजत बसला. झडतीला पक्का ताल नसतो पण श्वासाला असतो. त्याला दिसलं की हा पोरगा आपसूक ८५ ते ९० च्या मधे बोलतो, आणि दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी गर्दीसाठी जागा सोडतो. मग त्याने ८८ बीपीएम धरलं. हिशोब सोपा आहे, ८८ ला चार ठोक्यांचा एक बार साधारण २.७ सेकंदांचा होतो, सोळा बारची व्हर्स (रॅपचं एक कडवं) म्हणजे पावणेचव्वेचाळीस सेकंदांच्या आत-बाहेर, आणि तेवढ्या वेळात "करून राह्यलो" न कापता बसतं. बीटमधे स्नेअरच्या, म्हणजे ड्रमच्या कडक ठोक्याच्या, आधी मुद्दाम रिकामी जागा ठेवली, म्हणजे गर्दी जिथे ओरडते तिथे. इथून पुढे बीट आधी अन् शब्द नंतर, किंवा शब्द आधी अन् बीट नंतर, असं राहिलंच नाही.

आता शब्दांवर प्रोड्युसरने काय केलं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं प्रोड्युसर फक्त ढोल-ताशा जुळवतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, आणि आपल्या बोलीत ते क्रियापद बहुतेक वेळा "राह्यलो, राह्यला, राह्यली" वर संपतं. म्हणजे यमक फुकटात मिळतं. पहिल्या ड्राफ्टमधे अख्खी व्हर्स "लिहून राह्यलो, पाहून राह्यलो, खाऊन राह्यलो" अशी होती. प्रोड्युसर म्हणाला, "हे यमक नोय लहान्या, हे हजेरी होय." मग त्यांनी नियम केला की "राह्यलो" मोजायचंच नाही, यमक त्याच्या आधीच्या शब्दात पाहिजे, "वावर सोडून राह्यलो, हाडं मोडून राह्यलो, हात जोडून राह्यलो", आणि हूकमधे, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीत, ते "राह्यलो" रॅपरने म्हणायचंच नाही, ते गर्दीसाठी सोडायचं. झडतीची सवय थेट हूकमधे आली. गावात पहिल्यांदा वाजवलं तेव्हा कोणाला सांगावं लागलं नाही, पोट्टे आपोआप ओरडले.

दुसरं म्हणजे ळ. खेड्यातल्या वऱ्हाडीत ळ चा य होतो, पोळा म्हणजे पोया, मोळी म्हणजे मोयी. रॅपर लिहिताना लाजून ळ लिहायचा अन् म्हणतानाही ओढूनताणून ळ म्हणायचा, शाळेत मास्तरांनी हातावर छडी मारून शिकवलेलं असतं ना. प्रोड्युसरने तो सोडायला लावला आणि एकदम यमकांचं कोठारच उघडलं:

"गोठ्यात नाई जोडी अन् गावात भरला पोया,
पान्यात सडून गेलं बाप्पा वावरातलं सोया,
डोक्यावर घेऊन फिरे बुढा नोटिशीच्या मोया."

पुस्तकी मराठीत पोळा, सोया आणि मोळ्या यांचं यमक होतच नाही. आमच्याकडे होतं. या तीन ओळी रॅपरच्या आहेत पण त्या निघाल्या त्या प्रोड्युसरच्या हट्टामुळे, मग लेखक कोण, सांगा.

एका ठिकाणी रॅपरने ऐकलं नाही आणि बरं झालं. एका गाण्यात कापसाच्या हमीभावाचा आकडा आहे, "सात हजार पाचशे एकवीस". २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेवढा होता, क्विंटलला ७,५२१ रुपये. प्रोड्युसरचं म्हणणं, आकडा टाकू नको, वर्षभरात गाणं शिळं होईल. झालंही तसंच, २०२५-२६ ला तो ८,११० झाला. रॅपर म्हणाला होऊ दे, ज्या वर्षी माह्या बापाने विकला त्या वर्षीचा भाव आहे तो. मला रॅपरचं पटतं. आकडा जुना होतो म्हणूनच त्या गाण्यात ते वर्ष राहिलं.

खोली

रेकॉर्डिंगला स्टुडिओ परवडणारा नव्हता. पण हंगामात शेतकऱ्याच्या घरी एक खोली कापसाने भरलेली असते, भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेला, छतापर्यंत. रॅपर सहज त्या खोलीत उभा राहून बोलला आणि प्रोड्युसरने कान टवकारले, आवाज कुठूनच परत येत नव्हता. याचं कारण साधं आहे, कापूस हा मोकळ्या तंतूंचा जाड थर, त्यात आवाजाची लहर शिरते अन् तंतूंमधे घासून विरते, मधले अन् वरचे सूर तर जवळपास पूर्ण शोषले जातात. खालचा बेस शोषायला थर लय जाड लागतो, पण इथे थर भिंतभर होता. लोक स्टुडिओत पॅनल लावतात त्याचंच काम क्विंटलच्या क्विंटल कापूस करत होता. रॅपरच्या बाबांची एकच अट, कापसात वायर न्यायची नाही, एक ठिणगी पडली तर वर्षाचं पीक गेलं. ते अगदी बरोबर होतं. म्हणून फक्त माईक अन् त्याची एक वायर आत, दारातच थांबलेली, लॅपटॉप अन् माईक त्याला जोडणारा इंटरफेस बाहेर ओसरीत, आणि आत बल्बही नाही.

काम रात्रीच व्हायचं, दिवसा वावर. त्यात शेतीच्या लाईनचं वेळापत्रक, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, रात्रीची पाळी आली की पोराला ओलिताला जावं लागायचं आणि रेकॉर्डिंग बंद. एक गोष्ट कोणाला उपयोगी पडली तर पडो म्हणून सांगतो. रेकॉर्डिंगमधे एक बारीक घुमणारा आवाज येत होता, चार दिवस वायरी बदलल्या, माईक बदलला, शेवटी कळलं की घराला नीट अर्थिंग नाही आणि लॅपटॉपच्या चार्जरमधून ५० हर्ट्झची घुम येते, आणि नेमकी तीच जागा ८०८ बेसची. चार्जर काढला, बॅटरीवर रेकॉर्ड केलं, गेली.

मग बाबांनी कापूस विकला. विकणारच, घर चालवायचं आहे. अर्धी गाणी झाली होती, अर्धी बाकी. रिकाम्या खोलीत समोरासमोरच्या भिंती, टाळी वाजवली की फडफडणारा प्रतिध्वनी. गोधड्या टांगून उरलेली गाणी केली पण शेजारी शेजारी लावून ऐकलं की फरक लगेच कळायचा, एका गाण्यात माणूस कानाशी बोलतोय, दुसऱ्यात खोलीच्या कोपऱ्यातून. प्रोड्युसरला सगळं परत करायचं होतं, रॅपर म्हणे कोणाले कळते. इथे दुसऱ्यांदा फाटलं.

इथे मी बोललो. न्यूयॉर्ककडचा रॅपर एमएफ डूम अन् कॅलिफोर्नियाचा प्रोड्युसर मॅडलिब यांचा २००४ चा मॅडव्हिलनी हा अल्बम रॅपर-प्रोड्युसर जोडीच्या कामाचा नमुना म्हणून जगभर ऐकतात, बावीस तुकडे, पाऊण तासाच्या आसपास. तो निघायच्या वर्षभर आधी त्याची कच्ची प्रत फुटली होती. नंतर डूमने आपले भाग परत म्हटले, आणि या वेळी उंच, उत्साही आवाजात न म्हणता खालच्या, थंड आवाजात. आज लोकांना जो आवाज माहीत आहे तो हा दुसऱ्यांदा केलेला. म्हणजे परत म्हणणं ही शिक्षा नाही, त्यात नवीन काही सापडू शकतं. रॅपरला ते पटलं की कंटाळून तयार झाला माहीत नाही, पण त्याने कापसातली अन् गोधडीतली दोन्ही मिळून सगळी गाणी गोधड्यांच्या आत, एकाच जागी, माईकपासून तेवढ्याच अंतरावर परत केली. आणि खरंच दोन गाणी बदलली. बापावरचं जे गाणं तो आधी झडतीसारखं फेकून म्हणत होता ते बसून, जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं. अल्बममधलं माझ्या मते सगळ्यात चांगलं गाणं तेच.

खंजिरी अन् डफडं

प्रोड्युसरने एका बीटमधे जुन्या कॅसेटवरचं खंजिरी भजन कापून घातलं होतं. आमच्याकडे तुकडोजी महाराजांची भजनं प्रत्येक गावात, आठ मात्रांचा ठेका, खंजिरीचा तो झणत्कार, त्यावर रॅप म्हणजे अंगावर काटा. पण वापरता येईल का? सगळ्यांचं उत्तर, महाराज सगळ्यांचे, कोण विचारते. भावना खरी आहे, कायदा वेगळा आहे. कुठलंही रेकॉर्डिंग कापून घेतलं की दोन हक्क येतात, एक त्या रेकॉर्डिंगचा, तो कॅसेट काढणाऱ्याचा, अन् दुसरा शब्द-चालीचा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं शब्दांवर हक्क राहतो. महाराज ऑक्टोबर १९६८ मधे गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२८ च्या शेवटापर्यंत आहे. परत गाऊन रेकॉर्ड केलं तर कॅसेटवाल्याचा प्रश्न सुटतो, शब्दांचा सुटत नाही.

मग त्यांनी शब्द सोडले. गावातल्या भजन मंडळातल्या दोन म्हाताऱ्यांना बोलावून नुसती खंजिरी वाजवून घेतली, स्वतःच्या मनाने, कोणत्याही भजनाची चाल नाही. ठेका कोणाच्या मालकीचा नसतो. आणि ही खंजिरी कॅसेटपेक्षा चांगली लागली, कारण ती ८८ वर वाजवून घेतली होती, ओढून ताणून बसवलेली नव्हती.

पोळ्याच्या गाण्यात डफडं आहे. ते वाजवणारे काका पिढ्यान् पिढ्या गावच्या पोळ्यात, लग्नात वाजवत आलेले, आणि त्यांना कधी कोणी पाहुण्यासारखं बसवून पैसे दिलेले नाहीत, वाजवलं की चाळीस-पन्नास रुपये अन् जेवण, तेही वेगळ्या पंगतीत अशी जुनी रीत. या विषयावर मला रॅपरचा अभिमान आहे, स्पष्ट सांगतो. त्याने काकांना आधी रक्कम विचारली, ती दिली, आणि अल्बमच्या क्रेडिटमधे त्यांचं पूर्ण नाव टाकलं. कलाकार म्हणून वाजवणाऱ्याचा हक्क कायद्यात आहेच, ५० वर्षांचा, हे त्याला नंतर माझ्याकडून कळलं. त्याने केलं ते कायदा माहीत नसताना.

चॅनलवाला अन् कागद

गाणी तयार होत आली तशी दोन गाणी फोनवर फिरली आणि एका म्युझिक चॅनलवाल्याचा फोन आला. रोख रक्कम एकरकमी, व्हिडिओचा खर्च त्यांचा, बदल्यात सगळे हक्क कायमचे, आणि नाव फक्त रॅपरचं. प्रोड्युसरचं नाव खाली वर्णनात "संगीत" म्हणून. घरी कर्ज आहे, रक्कम समोर दिसते आहे, रॅपर हलला, आणि खरं सांगायचं तर त्या वयात कोणीही हललं असतं. प्रोड्युसरने तिसऱ्यांदा अबोला धरला, आणि या वेळी तो बरोबर होता, पण त्याच्याकडे दाखवायला कागदच नव्हता. दोघांनी वर्षभर काम केलं आणि कोणाचा किती वाटा हे एकदाही बोलले नव्हते. "दादा म्हनलं ना तुले, आणखी काय लिहून देऊ" हे रॅपरचं म्हणणं, आणि त्यात खोट नव्हती, पण दादा म्हटल्याने वाटा लिहिला जात नाही.

या सगळ्याला थोडा इतिहास लागतो. हिप हॉपमधे डीजे आधी आला, रॅपर नंतर. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधे कूल हर्क या डीजेने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन नाचायचा तुकडा लांबवायचा ही युक्ती त्याची, आणि माईकवर बोलणारे हे सुरुवातीला गर्दीला हाक मारायला होते. म्हणून ऐंशीच्या दशकात जोड्यांची नावं बघा, एरिक बी अँड रकीम, आधी डीजे मग रॅपर. आपल्याकडेही दिल्लीच्या सीधे मौत या रॅपर जोडीने २०१८ चा बयान आणि २०२२ चा नायाब हे अल्बम सेझ ऑन द बीट या प्रोड्युसरच्या सोबत काढले अन् त्याचं नाव बरोबरीने ठेवलं. धुमालमधल्या ऑक्टोपॅडवाल्याला "संगीत" म्हणून खाली ढकलणं ही त्या परंपरेच्याच विरुद्ध गोष्ट आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. गाण्याचे शब्द, गाण्याचं संगीत, आणि रेकॉर्डिंग, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द रॅपरचे, संगीत प्रोड्युसरचं, आणि रेकॉर्डिंगचा मालक कायद्याने तो, ज्याने ते करायचा पुढाकार अन् जबाबदारी घेतली, इथे दोघांनी. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारत. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सही करूनही सोडता येत नाही, वारस किंवा कॉपीराईट संस्था सोडून कोणाला देता येत नाही. चॅनलवाल्याच्या कागदात नेमकं तेच सोडून द्यायला लिहिलं होतं. हे दाखवल्यावर रॅपरच त्याला म्हणाला, दोघांची नावं टाका, काळ लिहा, वाटा लिहा, मग बघू. परत फोन आला नाही.

मग दोघं एका रविवारी ओसरीत बसले आणि कागद केला. शब्द-संगीत मिळून अर्धं-अर्धं, रेकॉर्डिंग अर्धं-अर्धं, खर्च आधी वजा, कोणतंही गाणं कुठेही द्यायचं तर दोघांची सही, आणि स्टेजच्या पैशात रॅपरचा वाटा जास्त, कारण प्रवास अन् घसा त्याचा. हे शेवटचं कलम प्रोड्युसरने स्वतः घातलं. प्रत्येक गाण्याचं वेगळं पान, त्यावर खंजिरी-डफड्याची नावं अन् दिलेली रक्कम. फार मोठं काम नव्हतं, पाऊण दिवसात झालं, आणि झाल्यावर दोघांचं बोलणं एकदम मोकळं झालं, मला वाटतं वर्षभर दोघांच्याही पोटात तो एकच गोळा होता.

बाहेर आल्यावर

मिक्समधे शेवटची अडचण बेसची. प्रोड्युसरचा कान धुमालच्या भिंतीएवढ्या स्पीकरवर तयार झालेला, तिथे ४५-५० हर्ट्झ छातीत लागतं, मोबाईलच्या स्पीकरवर ते वाजतच नाही. आणि ऐकणारे नव्वद टक्के नाही म्हणत पण बहुतेक सगळे मोबाईलवरच. त्याने बेसला थोडं खरखरीत केलं म्हणजे वरचे सूर तयार होतात आणि लहान स्पीकरवर कानाला बेस आहे असं वाटतं. आवाज उगाच फुगवला नाही, स्पॉटिफायवर तसंही सगळं साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाजाची पातळी मोजायचं माप) आणून ठेवतात, ओरडून काही मिळत नाही.

अपलोड करताना एक फॉर्म असतो, त्यात मुख्य कलाकार कोण ते विचारतात, आणि हा कोपरा लोक घाईत भरतात. तिथे फक्त रॅपरचं नाव टाकलं अन् दुसऱ्याला प्रोड्युसरच्या रकान्यात टाकलं तर अल्बम त्याच्या पानावर दिसतच नाही, जगाच्या दृष्टीने त्याने तो केलेलाच नसतो. दोघांनाही मुख्य कलाकार म्हणून टाकलं. कव्हरवर दोन्ही नावं सारख्याच अक्षरात.

पैसे? थोडे. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसे धरतच नाहीत, नऊपैकी काही गाणी त्या रेषेच्या वर गेली, काही खालीच राहिली. जे आले ते अर्धे-अर्धे गेले, कोणी कोणाला फोन करून विचारावं लागलं नाही. कमाई खरी झाली ती कार्यक्रमांतून, दोन कॉलेजांचं गॅदरिंग, एक गणेश मंडळ, आणि तिथे प्रोड्युसर ऑक्टोपॅड घेऊन स्टेजवर उभा राहतो, पेन ड्राईव्हवर ट्रॅक लावून रॅपर एकटा नाचत नाही. धुमालचा हात अन् झडतीचा घसा एकत्र समोर दिसला की लोकांना अल्बम कळतो, हे मी स्वतः पाहिलंय.

माझा त्यांच्याशी एकच वाद उरला आहे, नवव्या गाण्यावरून. ते हिंदीत आहे. प्रोड्युसरचं म्हणणं, आपल्या रोडवर नागपूरपासून आदिलाबादपर्यंतचा माणूस ऐकतो, एक गाणं त्याच्यासाठी. रॅपर म्हणतो, आमच्या चौकात अर्धं बोलणं हिंदी मिसळलेलंच असतं, खोटं काय आहे त्यात. खोटं काहीच नाही. पण त्या गाण्यात त्याची रिकामी जागा गेली, ओळ संपते तिथे तो थांबत नाही, गर्दीला काही सोडत नाही, आणि बीटही परत ड्रिलच्या वेगाला गेलं आहे. मी म्हणतो ते वेगळं सिंगल म्हणून काढायला हवं होतं अन् अल्बम बापाच्या गाण्यावर संपवायला हवा होता. दोघांनाही मान्य नाही, आणि कागदाप्रमाणे गाणं ठेवायचं की काढायचं हे त्या दोघांनीच ठरवायचं आहे.